कुत्री पोचवायला

मेंढरं विकली तेव्हा आमची दोन कुत्री, लाल कुत्रा आणि काळी कुत्री, घरीच राहिली. घेणाऱ्याकडे त्याची स्वतःची होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दम लागायचा. डॉक्टरांनी मेंढरांमागं फिरणं बंद करायला सांगितलं होतं. त्या मेंढरांमागं ते चालले म्हणून मी शिकले, परभणीला नोकरीला लागले. त्यामुळे ती जाताना मला बरं वाटलं नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता.

कुत्र्यांना मात्र काम सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. ती शेजाऱ्यांच्या शेळ्या गोळा करून आमच्या दारात आणून उभ्या करू लागली. त्यात एका शेळीचा पाय मोडला आणि गावात विष घालायची भाषा सुरू झाली. तेवढ्यात मेंढरं घेणाऱ्याचाच निरोप आला. येलदरी धरणाच्या पाण्याकडेला लांडगा यायलाय, माझी कुत्री पुरंनात, तुमची असली तर द्या.

मी सुट्टी काढून आले. टेम्पो बघते म्हणाले.

"पायी न्यायची," आबा म्हणाले. "गाडीत बांधून नेलं तर दगा वाटंल त्यान्ला. चालत गेलं की कामाला निघालो वाटतंय."

"अन् तुमचा दम?"

"डाक्टरनं मेंढरं सोड म्हणलं. चालणं सोड न्हाई म्हणला."

उजाडताच निघालो. लाल कुत्रा पुढं, काळी मागं, मधे आम्ही दोघं. मी रेंगाळले की काळी माझ्या पोटरीला नाक लावून ढकलायची.

"तुला मेंढी समजायलीय," आबा म्हणाले. "बीए झालेली मेंढी."

ते हसले. हसण्याचा खोकला झाला आणि एका लिंबाखाली आम्हाला बराच वेळ बसावं लागलं. कुत्री आमच्या दोन बाजूंना बसून राहिली.

दुपार कलताना पोचलो. धरणाचं पाणी मागं सरलं होतं, गाळावर हिरवं उगवलं होतं आणि त्यावर आमची मेंढरं चरत होती. कुत्री सुसाट सुटली. आबांच्या तोंडून सवयीनं हाक गेली. आमची सगळी मेंढरं चरणं सोडून आमच्याकडं वळली.

नवा मालक वयानं लहान होता. तो अदबीनंच बोलला. "मामा, हाक मारू नका. आता कुठं माझी वळख पडायलीय त्यान्ला."

आबांनी मान हलवली. चहा प्याले आणि मला उठायची खूण केली.

लाल कुत्रा मेंढरांत जाऊन बसला होता. काळी आमच्या मागं निघाली. आबांनी ओरडून हाकललं असतं तरी त्यांच्या आवाजानं ती जवळच आली असती. ते न वळता हळूच म्हणाले, "माय, दगड मार तिला."

"तुमी मारा ना."

"म्या मारला तर तिला खरा वाटायचा न्हाई."

पहिला दगड मी मुद्दाम बाजूला टाकला. तिनं तो हुंगला आणि पुन्हा चालू लागली.

"घरी आली तर विष खाऊन मरंल," आबा म्हणाले.

दुसरा तिच्या पुढच्या पायावर बसला. ती ओरडली नाही. थांबून माझ्या पलीकडं, आबांच्या पाठीकडं बघत राहिली. आबा चालतच होते. मी तिसरा उचलला तेव्हा ती वळली आणि लंगडत मेंढरांकडं गेली.

आम्ही डांबरी रस्त्याला लागलो.

"लागला का तिला?" आबांनी विचारलं.

"लागला."

"बरं झालं," ते म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले.