ओटीतली किल्ली

गाडीत पुढे बसायला मिळालं की लोक खिडकीबाहेर बघतात. मी चालवणाऱ्याकडे बघते. त्याचे डोळे, त्याचे हात, ब्रेकवर जाणारा त्याचा पाय. घरातली पोरं मला ‘आरटीओ’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. गाडी हलली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि हे खूळ मला माझ्या लग्नाच्या दिवशी लागलं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. माहेर सुप्याजवळ, सासर पाथर्डीच्या अंगाला, मध्ये करंजीचा घाट. वऱ्हाड एका जुन्या पेट्रोलच्या ट्रकमधून आलं होतं. सकाळच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि माझ्या वडिलांनी त्या ट्रकच्या ड्रायव्हरला मांडवामागे गाठलं. वडील स्वतः कांद्याचा ट्रक चालवायचे. ड्रायव्हरच्या तोंडाला हातभट्टीचा भपकारा येत होता.

वडील माझ्या चुलत सासऱ्यांकडे गेले. वऱ्हाडाचे कारभारी तेच.

“पाव्हणं, डायवर पिलेला हाय. घाट उतरंपर्यंत मी घेतो गाडी.”

“आमच्या मानसाला नावं ठेवता व्हय? आन् पोरीचा बाप गाडी हाकीत सासरी यनार? लोक काय म्हनतील!”

खुद्द चुलत सासऱ्यांनीही थोडी लावलेलीच होती. शेवटी चार शहाण्यांनी मिळून तोड काढली. दारूने माणूस पिसाळतो आणि गांजाने निवतो अशी तेव्हा त्या मंडळींची पक्की समजूत होती, म्हणजे दारूवर चिलमीचे दोन दम मारले की झाला गडी सरळ. चिलीम आली. वडील हात जोडून सांगत होते, “आवो, त्यानं उतरत न्हाई, आनखी चढतं.” पण मुलीच्या बापाचं त्या दिवशी कोण ऐकतं? मी मांडवातून हे सगळं बघत होते आणि नुसती धुमसत होते.

ओटी भरली गेली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी; पदराला गच्च गाठ. ती सासरच्या देवापुढेच सोडायची, तोवर तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बायका रडत होत्या, वडील रडले नाहीत. कानाशी वाकून एवढंच म्हणाले, “गाडी थांबवावी वाटली तर थांबीव. नवरी हाय म्हनून लाजू नगं.”

मला त्यांचा रागच आला. तुम्हाला जे जमलं नाही ते मी करू? मान खाली घालून बसलेल्या नवरीने?

पुढे ड्रायव्हर, त्याच्याशेजारी चुलत सासरे, मग सासूबाई आणि खिडकीशी मी. नवरदेव आणि बाकीचं वऱ्हाड मागे हौद्यात, मांडीवर लेकरं घेतलेल्या बायकांसकट. नगरपर्यंत गाडी अशी काही हळू चालली की चुलत सासरे खूश झाले. “बघा, कसा निवला गडी!” म्हणाले आणि डुलक्या घेऊ लागले. मी मात्र घुंगटातून बघत होते. मोकळ्या रस्त्यात त्याने कचकन ब्रेक दाबला, समोर काहीच नव्हतं. मग एकाएकी दामटायला लागला. मग एका सायकलवाल्याकडे तो बघतच राहिला, आणि डोळे जिकडे गेले तिकडे गाडीही वळायला लागली.

नगर मागे पडलं. समोरून कडब्याची बैलगाडी आली.

“बैलगाडी हाय,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. आणि हसला.

त्याला दिसली होती, नावही बरोबर घेतलं होतं, पण पाय जागचा हलला नाही. मी त्या पायाकडेच बघत होते. “आरं, दाब की!” सासूबाई किंचाळल्या तेव्हा कुठे त्याने चाक फिरवलं. गाडी रस्ता सोडून खडीवरून खडखडत गेली, मागे बायकांनी आकांत केला. चुलत सासऱ्यांनी एक डोळा उघडला, “काय न्हाई, काय न्हाई” म्हणाले आणि परत मिटला.

पुढे घाटाचे डोंगर दिसायला लागले होते. सासरच्या माणसांशी मी तोवर अवाक्षर बोललेले नव्हते.

“मला मळमळतंय,” मी म्हणाले. कोणी दाद दिली नाही. मग मी ओरडले, “गाडी थांबवा! लुगड्यावर होईल!”

थांबली. सगळे उतरले, ड्रायव्हर लघवीला गेला. मी बाभळीमागे जाऊन खोटं खोटं खाकरले, सगळ्यांच्या आधी येऊन वर चढले, किल्ली ओढून काढली आणि ओटीच्या गाठीतून आत सरकवली. घाईत मूठभर तांदूळ सीटखाली सांडले.

मग शोधाशोध. सीटखाली, गवतात, ड्रायव्हरच्या खिशांत. “वायरी जोडून चालू करतो,” म्हणत तो डोकं आत घालून बसला. बराच वेळ दोन वायरी हातात धरून तो नुसता त्यांच्याकडे बघत होता. कशासाठी धरल्यात हे बहुधा विसरला असावा. मग तिथेच आडवा होऊन घोरायला लागला. “पांढऱ्या पायाची आली,” मागून कोणीतरी बाई पुटपुटली. लागलं मला ते, फार लागलं. पण ओटी मी घट्ट धरून ठेवली.

शेवटी नवरदेवांनी मुंडावळ्या काढून खिशात घातल्या, एका ट्रकला हात केला आणि नगरहून मिस्त्री आणायला गेले. उन्हात बसून बसून लेकरं रडायला लागली. सीटखालचे तांदूळ बघून सासूबाई माझ्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता ह्या ओटी सोडायला लावणार.

ऊन उतरताना मिस्त्री आला. ड्रायव्हरला उचलून मागे टाकलं. मिस्त्री वायरींना हात घालणार, तेवढ्यात सासूबाई त्याच्या अगदी तोंडाजवळ गेल्या.

“बाबा, गाडी हाकता येती का?”

“येती की.”

“घाटातनं?”

“रोजचंच हाय, मावशी.”

त्या मागे सरल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, “ह्यो पिलेला न्हाई. दे आता.”

मी किल्ली सीटखाली टाकली. मिस्त्रीने ती उचलली, चिकटलेले दोन तांदूळ अंगठ्याने झटकले आणि काही न विचारता गाडी सुरू केली. घाट कधी आला, कधी गेला, कळलंसुद्धा नाही.

सासूबाईंनी पुढे हा विषय कधी काढला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी आमच्याच दारातून नणंदेची पाठवणी होती. तिची ओटी भरताना सासूबाईंनी तांदूळ घातले, नारळ घातला. मग वऱ्हाडाच्या ड्रायव्हरकडून मागून आणलेली किल्ली वर ठेवली आणि गाठ मारली.

“हे काय, विहीनबाई?” तिच्या सासरचे म्हणाले.

“डायवरला हिच्याम्होरं उभा करा,” सासूबाई म्हणाल्या. “पोरगी आधी तोंडाचा वास घील. मग किल्ली दील.”

पाहुण्यांत माझे वडीलही बसले होते. माझ्या पाठवणीला न रडलेला तो माणूस त्या दिवशी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला.