सकुबाईच्या गाण्यांचे सात तुकडे

धसईच्या वाचनालयात मी पुस्तकं नोंदवते आणि कमळाकर संगणक सांभाळतो. यंत्र जुनं, त्याने त्यात लिनक्स ही हलकी, फुकटची प्रणाली बसवली म्हणून अजून चालतं. काम संपलं की यंत्रावर फडकं घालून तो हात जोडायचा.

सकुबाई धवलारीण माघात वारली. लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी आमच्याकडची ती शेवटची. एका अभ्यासक बाईंनी तिची सगळी गाणी चित्रित केली होती. एकाच गाठोड्यात दाबून, सात तुकडे करून त्यांनी ती इंटरनेटवरून आम्हाला पाठवली. पुढे त्यांचा लॅपटॉप चोरीला गेला. राहिले आमच्याकडचे सात तुकडे. ते उघडायला डिस्कवर जागाच नव्हती.

सकुबाईची लेक गिरजा आली. रविवारी तिच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न. पाठवणी आजीच्या आवाजात व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

"पाठवणी शेवटच्या तुकड्यात हाय, वयनी," कमळाकर म्हणाला. "पन गाठोडं पयल्यापासूनच सुटतं."

"आय पन मधून गात नवती. कोनी खोकला तरी परत गणपतीपासून."

"सोमवारी कल्याणवरनं मोठी डिस्क आनतो."

"सोमवारी पोरगी सासरी भात रांधंल. तुज्या डब्याची भूक म्हशीपरीस मोठी रे." गिरजा हसली, आणि उंबऱ्यावर बसली ती उठेचना.

शनिवारी सकाळी कमळाकरने दुसरी वाट धरली. एक तुकडा वाचून झाला की तो पुसायचा, मोकळ्या जागेत त्यातली गाणी उतरवायची, मग पुढचा घ्यायचा.

"दुसरी प्रत नाय रे," मी म्हटलं.

"देवाचं नाव घेऊन करतो, ताई."

तीन तुकडे नीट झाले. देव आले, हळद आली. चौथा अर्ध्यावर असताना वीज गेली. यंत्राची बॅटरी दिवाळीपासून मेलेली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वीज आली तेव्हा पहिले तीन तुकडे पुसलेले होते. सुरुवातच नाही म्हटल्यावर उरलेले चार काही केल्या उघडेनात.

गिरजाला सांगायला तो स्वतः गेला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "हळदीपुरतं लाव."

मांडवात सकुबाई हळदीपर्यंत गायली. पाठवणीला बायका नुसत्या उभ्या राहिल्या.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या समितीने ते चार तुकडे पुसून जागा करायला सांगितली. कमळाकर हो म्हणाला, पण पुसले नाहीत. यंत्राला हात जोडणं मात्र त्याने त्या शनिवारपासून सोडलंय. तो गेला की मी जोडते.