संत्र्याच्या शहरात संत्री

आमच्या घरी फोन नाही, समोरच्या किराणा दुकानात येतो. मागच्या महिन्यात दुकानदाराने रस्त्यावरूनच सांगितलं, "तुमच्या नागपूरच्या जाऊबाई गेल्या." मी तेव्हा ओसरीवर बसून बागेतली संत्री निवडत होते. पिशवी त्यांच्यासाठीच भरत होते... मग ती पिशवी घेऊनच आम्ही दोघं नवरा-बायको छोट्या गाडीत, म्हणजे नॅरोगेजच्या आगगाडीत, बसलो. ती घरी ठेवून जावं, हे कोणालाच सुचलं नाही.

यशोदाबाई माझी थोरली जाऊ. लग्न होऊन सौंसरला आल्या, पण थोड्याच दिवसांत भासऱ्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, नागपुरात गिरणीचं काम लागलं आणि त्या इतवारीतल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या, त्या कायमच्याच. त्यांचा स्वभाव फार गोड होता, असं तेरवीला बायका म्हणत होत्या. नव्हता. चहात साखर हात राखून टाकत आणि पाहुण्याला तोंडावर विचारत, "परत कधी जाऊन राहिले?" तरी सौंसर, लोधीखेडा, मोहगाव इकडचा माणूस दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी निघाला की आधी त्यांच्याच दारात. आणि प्रत्येकाच्या हातात संत्र्यांची पिशवी. नागपूरला संत्री घेऊन जाणारे आम्हीच. "नागपुरात संत्रं भेटत नाही, असं कोणं सांगतलं तुमाले?" त्या म्हणायच्या. "पुढच्या खेपी तुरीची डाळ आणा." डाळ कोणी नेली नाही. बागेत फळ असताना दुसरंच काही घेऊन कोणाच्या दारात उभं राहणं आमच्या लोकांना जमत नाही.

त्या पिशव्या दाराआडच्या खुंटीला लागत. नवा पाहुणा विचारायचा, नागपुरात काय पाहावं? त्याच्या मनात महाराजबाग असायची, सीताबर्डीची दुकानं असायची. जाऊबाई म्हणायच्या, "ते कुठी पळून नाही जाऊन राहिलं." आणि पहिल्याच दिवशी खुंटीवरच्या पिशवीतून चार-दोन संत्री काढून पाहुण्याच्या हातात द्यायच्या, एखादं काम सांगायच्या आणि त्याला एकट्याला बाहेर काढायच्या. सोबत एकच शिकवण. "रिकाम्या उभ्या माणसाले रस्ता पुसू नको. ज्याचे हात कामात हायेत त्याले पूस. सांगतलं की संत्रं ठेव आन् चालाले लाग." मला याचं नवल वाटायचं. मी विचारलं, असं काहून? तर म्हणाल्या, "रिकाम्याले माहीत नसलं तरी तो सांगते. कामातल्याले वेळ नसते, तो खरं तेवढंच सांगते. आन् उद्याही तो तिथंच बसून दिसन, मंग खोटं कसं बोलन?"

आमच्या मुलीला, नंदाला, दिवाळीनंतर नर्सिंगच्या शाळेतून बोलावणं आलं. घरच्यांची, म्हणजे तिच्या बाबांची, तयारी नव्हती. "पोट्टी शहरात हरवून जाईन," एवढंच ते म्हणत. शेवटी म्हणाले, "वहिनी हो म्हणन तर ठेव. नाही म्हणन तर त्याच गाडीनं वापस आण, आन् मंग हा विषय नको." मी नंदाला घेऊन गेले. वाटलं होतं, जाऊबाईंना विनवायचं. त्यांनी बोलूच दिलं नाही. नंदाला तीन संत्री दिली आणि म्हणाल्या, "शाळा कुठी हाये ते पाहून ये. येतानी दुसऱ्या रस्त्यानं ये."

"दुसऱ्या काहून, मोठी आई?"

"एकच रस्ता माहीत असणारी पोट्टी शहरात राहत नाही, अडकून बसते."

मी उठायला लागले तर माझ्यापुढे मेथीची जुडी टाकली. मेथी निवडून झाली. तांदूळ निवडून झाले. ऊन भिंतीवरून उतरलं तरी नंदा आली नाही. मी दारात गेले. "बस खाली," जाऊबाई म्हणाल्या. "तू निघाली तर दोघींले हुडकणं पडन." पण त्याही भाकरी थापताना दाराकडेच पाहत होत्या, हे मला दिसत होतं... दिवे लागल्यावर नंदा आली. घामाघूम, हात रिकामे.

"संत्री?" जाऊबाईंनी विचारलं.

"एक चांभारबुवाले देल्लं, एक बांगड्यावालीले. मंग एका पानठेल्यावर उभ्या माणसाले पुसलं, त्यानं भलतीकडंच धाडलं. त्याच्या वाट्याचं मीच खाल्लं."

जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी उलटवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "राहू दे हिले इथं."

नंदा शिकली. आज नागपुरातच दवाखान्यात नोकरीला आहे. एकदा मी जाऊबाईंना विचारलं, गावातल्या एवढ्या माणसांना तुम्ही संत्री देऊन एकटं पाठवलं, मला कधी पाठवलं नाही? म्हणाल्या, "तुह्यासोबत कोणी ना कोणी राहतेच. जवा नसन तवा जाशीन."

तेरवीला दाराआडच्या खुंटीवर पिशव्या मावत नव्हत्या. जो आला त्याने संत्रीच आणली होती. पंगत उठल्यावर घरचे भासऱ्यांजवळ थांबले, नंदाची ड्युटी होती, आणि माझी म्हैस सौंसरला दुसऱ्याच्या भरवशावर. मी म्हटलं, स्टेशनवर मी जाते एकटी. खुंटीवरच्या पिशवीतून एक संत्रं घेतलं आणि निघाले. वळणावर आले आणि थांबले. इतकी वर्षं मी त्या गल्ल्यांमधून कोणाच्या तरी पाठीकडे पाहत चालले होते, रस्ता कधी पाहिलाच नव्हता. पानठेल्यावर दोघं उभे होते. त्यांना नाही विचारलं. पुढे एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बांबूची टोपली विणत होती.

"छोट्या गाडीचं स्टेशन कुठी हाये, बाई?"

"पिंपळापासून डाव्या हातानं. मंग सरळ." तिचे हात थांबले नाहीत.

मी तिच्याजवळ संत्रं ठेवलं आणि वळले.

"सौंसरच्या काय वो?" तिने मान वर न करता मागून विचारलं.

हाव म्हटलं, आणि चालायला लागले.