अण्णांची भाकरीची गोधडी

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आमच्याकडची रीत. आई गेली तरी मी ती मोडली नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका हल्ली गाद्यांवर कसलासा फवारा मारतात आणि झालं म्हणतात. मला ते पटत नाही. त्या भाद्रपदातही दोन दिवस उघडीप मिळाली तशी मी अण्णांची गोधडी धुतली आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकली. अण्णा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी जवळजवळ गेलेले.

गोधडी आईच्या हातची. वरचं लुगडं आमच्या लहानपणीच विरून गेलं होतं आणि आतलं पिवळं कापड उघडं पडलं होतं. त्याच्या मधोमध पांढरा गोल. आम्ही त्याला भाकर म्हणायचो आणि भाकरीवर कोण झोपणार यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचो.

ते पिवळं कापड म्हणजे निजामाचा झेंडा होता. माझे आजोबा पिशोरकडचे. निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, ते शिपाई होते. सकाळी झेंडा चढवायचा आणि संध्याकाळी उतरवून घडी घालायची, हे त्यांचं काम. त्याच राज्यात त्यांच्या धाकट्या भावाला रझाकारांनी शेतातून उचलून नेलं. तो परत आला नाही. त्यानंतरही आजोबा झेंडा चढवत राहिले, कारण घरात खाणारी तोंडं होती. मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, नाक्यावरचे साहेब पळाले आणि आजोबा शेवटची घडी काखेत मारून घरी आले. ती त्यांनी जाळली नाही, कुणाला दाखवलीही नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

पुढे आई लग्न होऊन आली आणि तिने ट्रंक उपसली. "एवढं दणकट कापड उंदरासाठी ठिवलंय व्हय?" तिने विचारलं. अण्णांनी तिला सगळं सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली, "मंग तर अंगाखालीच बरं. पुजायचं नाय अन् जाळायचंबी नाय. निजायचं त्याच्यावर." गोधडीची शेवटची बाजू शिवताना आमच्याकडे आत भाकरीचा तुकडा घालतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. त्या वेळी आईने तो घातला नाही. "हिची भाकर हिच्यापाशीच हाय," म्हणाली. गोलाची कड सुटत आली होती, तिच्याभोवती तिने जाड दोऱ्याने दुहेरी टाका घातला.

खरं तर तो गोल म्हणजे कुलचा, मैद्याची खमिरी रोटी. आम्ही राहतो त्याच शहरातल्या एका सूफी संताने पहिल्या निजामाला पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले, तेव्हापासून झेंडा तसा, अशी गोष्ट इथं अजून सांगतात. कुणाला त्यात आशीर्वाद दिसतो, कुणाला जळलेली गावं दिसतात. आमच्या घरात तर दोन्ही एकाच ट्रंकेत होतं. आई गेल्यापासून अण्णा रोज झोपताना त्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवायचे. पूर्ण वेढा झाला की हात तिथेच ठेवून झोपी जायचे.

गोधडी वाळत होती तेव्हाच मुक्तिसंग्राम दिन आला. सोसायटीने खाली मंडप घालून जुन्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात निजामाच्या झेंड्याचंही चित्र होतं. कुणीतरी ते पाहिलं, मान वर केली आणि गच्चीचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता. एकाने लिहिलं, एवढं प्रेम असेल तर हैदराबादला जा. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्यांच्या घरातलं माणूस रझाकारांनी नेलं, त्यांना हे देशप्रेम शिकवणार. पण उत्तर लिहिण्याआधी मी गोधडी आणायला गच्चीवर गेले, तर कठडा रिकामा होता.

माझ्या भावाने नेली होती. तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी घेऊन आला, तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी कोरं फुलाफुलांचं कापड लावलेलं होतं आणि त्यावर मशीनच्या शिलाईचे दाट चौकोन होते. मी तोंडाला येईल ते बोलले.

"ताई, कुणी वर चढून पेटवून दिली असती म्हणजे? झाकली तरी हाय ना घरात," एवढंच तो म्हणाला. त्याचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

अण्णांनी कोऱ्या कापडावरून हात फिरवला. "ही नाय," म्हणाले आणि बाजूला सारली.

त्यानंतर ते शाल घेऊन पडून राहायचे. झोप नव्हती. दिवाळी झाली, गारठा वाढला. रोज विचारायचे, "माझी गोधडी वाळली नाय का गं अजून?" मी म्हणायचे, "वाळायलीय, अण्णा." दुसरं काय सांगणार होते? डोळ्यांत पाणी यायचं, पण ते त्यांना दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं.

शेवटी एका सकाळी मी बाल्कनीच्या उन्हात गोधडी घेऊन बसले आणि मशीनचे टाके उसवायला लागले. मशीनची सुई सगळ्या थरांतून आरपार गेली होती. वरचं कापड निघालं, पण त्याच्याबरोबर आईचा जुना, कुजलेला दोराही तुटत आला. पिवळं कापड सुईच्या भोकांवर फाटत गेलं. गोल सुटून माझ्या मांडीवर पडला. मी तशीच बसून रडले. मग तसाच जाड दोरा शोधून आणला आणि आईने घातला होता तसा दुहेरी टाका घालून गोल परत जागेवर शिवला. जितका तिच्यासारखा जमेल तितका.

दुपारी गोधडी अण्णांच्या अंगावर घातली. "वाळली बघा, अण्णा."

त्यांचं तोंड एकदम उजळलं. हात चाचपडत गोलापाशी गेला. कडेवर बोट टेकलं आणि सावकाश फिरायला लागलं. निम्म्या वेढ्यावर थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा फिरलं. टाक्याटाक्याला अडखळलं.

अण्णांनी गोधडी अंगावरून काढली. तिची जमेल तशी घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली.

"लई ऊब हाय हिला, माय," ते म्हणाले. "पण ज्याची हाय त्याला देऊन ये. थंडी पडायलीय."