धोंड्याच्या जागी मी

कॉलेजात असताना इंग्रजीच्या पुस्तकात एका विलायती पोराचा धडा होता. गोठलेल्या तळ्यावर तो पायांना लोखंडी पाती बांधून घसरायला शिकतो आणि सारखा आपटतो. गोठलेलं तळं आमच्या वर्गात कुणी पाहिलेलं नव्हतं. प्रोफेसरांनी खडूनं चित्र काढलं, तरी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. मला मात्र धडा एका वाचनात कळला. सात वर्षांचा असताना मी तेच शिकलो होतो, फक्त चिखलावर.

आमचं गाव शाहूवाडीकडच्या डोंगरातलं. घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. पुढं महाराजांच्या कृपेनं बोर्डिंगात राहून मी बी. ए. झालो, आणि ते सांगताना माझी छाती अजून फुगते. पण पहिली परीक्षा मी पास झालो ती भाताच्या खाचरात.

रोप लावायच्या आधी खाचरात पाणी धरून नांगरतात, आणि त्या चिखलावरून बैलांच्या मागं लांब फळी फिरवतात, म्हणजे जमीन ताटासारखी सपाट होते. रिकामी फळी वरच्या वर उचलते. मोठा माणूस उभा राहिला तर रुतते. म्हणून तिच्यावर धोंडा ठेवायचा, नाहीतर पोर उभं करायचं. पोर बरं, कारण उंचवटा आला की ते पुढं दाबतं, खोलगट आलं की मागं रेलतं. धोंड्याला तेवढी अक्कल नसते.

त्या साली मी हट्ट धरला, धोंड्याच्या जागी मी उभा राहणार. आबा, म्हणजे माझे वडील, कासरा धरून शेजारनं चालायचे. त्यांनी एकच अट घातली. तीनदा पडलास की धोंडा चढणार, आणि तू आईच्या मागं रोपांच्या पेंढ्या वाहायच्या. माझ्याहून लहान पोरी पेंढ्या वाहत होत्या. त्यांच्यात जायचं म्हणजे माझ्या लेखी संपलंच.

पहिल्यांदा बैल हलले आणि मी जागच्या जागी पाठीवर आडवा. दुसऱ्यांदा दहा पावलं गेलो आणि तोंडावर. पलीकडच्या खाचरात लावण करणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. एकीनं आईला विचारलं, यंदा भाताऐवजी पोरगं पेरताय की काय.

तिसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. तोल जायला लागला तसं समोरच्या बैलाचं शेपूट घट्ट धरलं. शेतकऱ्याच्या पोरानं हे करू नये. शेपूट पिरगाळलं की बैलाला एकच कळतं, पळायचं. तो पळाला, दुसरा त्याच्यासंगं. मी भिऊन आणखी ओढलं, बैल आणखी पळाले. आबांच्या हातून कासरा सुटला. दोन्ही अंगांनी चिखलाचे फवारे उडत होते, आणि त्या भीतीतही पोटात गुदगुल्या झालेल्या मला लख्ख आठवतात. समोरच्या बांधाशी बैल थांबले. मी उभाच होतो.

आबा धापा टाकत आले. "उतर खाली. धोंडा चढवू दे."

"पडलो न्हाय की, आबा."

बांधावर शेजारचे चाचा बसले होते. आमचा आणि त्यांचा पैरा होता. एक दिवस त्यांनी बैल घेऊन आमच्यात राबायचं, एक दिवस आम्ही त्यांच्यात. हसू दाबत ते म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. अट पडायची हुती. शेपटाचं तू कुठं काय बोललातास?"

आबा शब्दाचे पक्के. त्यांनी कासरा पुन्हा हातात घेतला. चाचा चिखलात उतरले, माझे गुडघे हातानं वाकवून दिले आणि बजावलं, की कशालाच धरायचं नाही, पायाकडं बघायचं नाही, नजर समोरच्या बांधावर ठेवायची.

बैल निघाले. हात मोकळे सोडायला किती जीव खाली-वर होतो, ते मला विचारा. मधल्या उंचवट्याला फळी अडली. मी पुढं वाकलो, चिखल सरकला, फळी निघाली. कोपऱ्यावरच्या वळणाला एक पाय सुटला, हात गरगर फिरले. पण दुसऱ्या पायानं फळी सोडली नाही. वळण घेऊन मी परत आलो. त्यानंतर न्याहारीलासुद्धा लवकर उतरेना.

दिवस कलताना आबा खाचराकडं वाकून बघत होते. पाणी सगळीकडं सारखं उभं होतं. तोंडावर कौतुक करायची आमच्यात रीत नव्हती. चाचा बैल सोडत होते, त्यांना आबा म्हणाले, "उद्या तुझ्यात मी, बैलं, आन् फळीवर ह्यो. धोंडा हुडकत बसू नगंस."