आप्पांचा कान आणि माझा फुल फ्रेम

माझ्या सासुरवाडीचे दोन सख्खे भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्याला कारण होता माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर.

मी लोह्याला फोटो स्टुडिओ चालवतो. मेहुणीच्या साखरपुड्याला लातूरला गेलो, तेव्हा माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा होता. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली फोटो झेलणारी पाटी. ती लहान असली की त्याच लेन्समधून कमी मावतं आणि कडेची माणसं बाहेर राहतात. खोली अरुंद! मी भिंतीला पाठ टेकून बटण दाबलं. पुढे तो फोटो मोठा करून सासऱ्यांच्या बैठकीत लागला. त्यात सगळे होते. सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आप्पांचा, मात्र एक कान तेवढा होता. (कान एकदम स्पष्ट आला होता हो!)

"धाकट्यानंच जावयाला सांगून मला कापलं," म्हणत आप्पा जे रुसले, ते लग्नालाच येईनात. सासूबाई रडकुंडीला आल्या. लेकीवर अक्षता टाकायला थोरला चुलताच नाही, तर लग्नात राहिलं काय? मला तर घास गोड लागेना.

"तुम्हीच कापलंत, आता तुम्हीच जोडा!" बायको म्हणाली.

मी नवा कॅमेरा घेतला आणि थेट आप्पांच्या दारात उभा राहिलो.

"आप्पा, हा फुल फ्रेम. सेन्सर लई मोठा. अख्खा मांडव मावतो!"

"मी पूर्ण दिसन का?"

"पायताणासकट!"

आप्पा फेटा बांधून लग्नाला आले. अक्षता पडल्या, सासूबाईंचा चेहरा फुलला आणि घरच्यांच्या फोटोची वेळ झाली. या टोकाला सासरे, त्या टोकाला आप्पा, मध्ये वीस माणसं. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी ऐटीत कॅमेरा डोळ्याला लावला आणि घाम फुटला. चारही कोपरे काळेकुट्ट! मधल्या गोलात तेवढा उजेड.

घाईत मी जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उचलून आणली होती. लहान पातेल्याचं झाकण मोठ्या पातेल्याला कसं पुरणार? नवी लेन्स लोह्याला, स्टुडिओच्या टेबलावर. (धूळ बसू नये म्हणून तिच्यावर रुमालसुद्धा घालून आलो होतो.)

"काय झालं पाव्हणं? काढा की!" आप्पा ओरडले.

काढला. आप्पा तरातरा पुढे आले आणि कॅमेऱ्यात डोकावले.

"आधी कापलं, आता काळं केलं! फेटा काढतो, चाललो मी!"

त्यांचा हात फेट्याला गेला. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात सासरेही येऊन डोकावले.

"मी कुठं हाय यात?"

"तुम्ही... त्या कोपऱ्यात," मी पुटपुटलो.

"मीबी काळाच?"

आप्पांचा हात थांबला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी भावाकडे सरळ बघितलं.

"म्हंजे मला कापायला तू सांगितलं नव्हतंस?"

"आप्पा, मी सोताला काळं करायला सांगन का? जावईच बावळट हाय आपला!"

"हाव रं," आप्पा म्हणाले. "लईच बावळट हाय." आणि दोघं भाऊ पोट धरून हसायला लागले. मीही हसलो. खरं सांगतो, बावळट ठरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

दोघं खांद्याला खांदा लावून मधल्या उजेडात उभे राहिले आणि बाकीचे त्यांना चिकटले. "तुम्हीबी या!" आप्पांनी हुकूम सोडला. मी टायमर लावून धावलो, पण जागा एकच उरली होती. कोपऱ्यातली.

आता बैठकीत तो फोटो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा कोपऱ्यातल्या काळोखाच्या कडेवर बोट ठेवून कौतुकानं सांगतात, "हा कान दिसायला का? ते आमचे जावई. लई मोठे फोटोग्राफर हायत!"