जाऊबाईंचा लांबट ठिपका

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकामाच्या कारखान्यात कटर होत्या. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि पात्याच्या मशीनने सगळे एकदम कापायचे, हे त्यांचं काम. हात इतका स्थिर, की काठोकाठ भरलेला चहा घेऊन जिना चढल्या तरी बशी कोरडी. कापताना कपाळाला मात्र कायम आठ्या. कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं आठीबाई.

कारखान्याच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथे कामगारांचा नेमबाजीचा क्लब भरायचा. माझे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, तिथले जुने सभासद. एका रविवारी त्यांचा विसरलेला डबा द्यायला जाऊबाई गेल्या, गंमत म्हणून चटईवर पालथ्या पडल्या आणि पहिलीच गोळी काळ्या वर्तुळात बसली. पुढच्या रविवारपासून जाऊबाई पुढे आणि डबा घेऊन भाऊजी मागे!

मी तेव्हा त्या घरात नवी होते. "चल गं, घरात बसून काय करणार?" म्हणत त्या मलाही घेऊन जायच्या. मी बाकावर विणकाम घेऊन बसायची. बंदुकीच्या तेलाचा आणि बारुदाचा मिसळलेला वास, तापत चाललेले पत्रे, आणि सगळ्यांत मागे फडक्याने नळ्या पुसत बसलेले उस्ताद. क्लबच्या बंदुका सांभाळायचं आणि दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे होतं. बोलणं मोजकं. जाऊबाईंच्या नेमाचं त्यांना फार कौतुक, पण तोंडावर कधी म्हणायचे नाहीत. फक्त त्यांच्या निशाणाचा कागद उतरवला की जरा जास्त वेळ हातात धरून ठेवायचे.

मग क्लबने दुर्बिणीची रायफल आणली. तोवर डोळ्याजवळच्या चकतीतल्या बारीक भोकातून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची खूण, पाहून नेम धरायचा. आता काचेत उभी-आडवी रेघ आणि मधोमध उजळणारा लाल ठिपका. इतर क्लबांशी होणारी स्पर्धा याच प्रकारात होती आणि आमच्याकडून जाऊबाई जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "उस्ताद, हा ठिपका असा ओघळल्यासारखा काय दिसतोय?"

"डोळ्याजवळची कडी फिरवून बघा."

त्यांनी कडी इकडून तिकडे फिरवली. उभी रेघ स्वच्छ आली की आडवी पुसट. आडवी आणावी तर उभी पसरायची. ठिपका काही केल्या गोल होईना. गोळ्या कधी वर, कधी खाली. तीन-चार रविवार असेच गेले आणि जाऊबाईंचा पारा चढला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही दुर्बीण कुणीतरी पाडलीय आणि आता गप्प बसलाय."

दुर्बिणीला उस्तादांशिवाय कुणी हात लावत नसे. माझ्या सुईवरचे टाके सुटले.

उस्तादांनी गोळ्या काढून घेतल्या, दुर्बीण आवळून धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू सैल केले आणि ती जागच्या जागी पाव फेरा फिरवली. "आता बघा. ठिपका कसा दिसतो?"

"तसाच. उभा लांबट."

"दुर्बीण फिरली, तो नाही फिरला. आता मान तिरकी करा."

जाऊबाईंनी मान कलती केली आणि तशाच राहिल्या. डोळ्याबरोबर ठिपकाही कलला होता. त्या उठल्या, चटई गुंडाळली आणि कुणाकडे न बघता चालू लागल्या. मी लोकर गोळा करत त्यांच्या मागे धावले.

नंतर कित्येक रविवार आम्ही गेलो नाही. भाऊजींनी विषय काढला की त्या भांडी आपटायच्या. एकदा स्वयंपाकघरात दोघीच असताना हळूच म्हणाल्या, "अगं, चौकड्यांचं कापड आलं की उभ्या रेघा झटकन जुळतात. आडव्यांना डोळे बारीक करावे लागतात. डोळा गेलाय म्हणून कळलं तर कापायच्या टेबलावरून काढतील मला."

तेव्हा कुठे मला त्या आठ्यांचा अर्थ कळला. मी म्हटलं, "उद्या चष्मेवाल्याकडे जायचं. मी येते." आणि नवलच, त्या नाही म्हणाल्या नाहीत.

चष्मेवाल्याने बंदुकीची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघांचं चित्र दाखवलं. "यातल्या ठळक कुठल्या?"

"उभ्या."

"सिलिंडरचा नंबर आहे, ताई. बुबुळ सगळीकडून सारखं गोल नाही तुमचं. डोळा गेलेला नाही, बहुतेक लहानपणापासूनच असा असणार. बारीक भोकातून तो दोष झाकला जात होता, दुर्बिणीत उघडा पडला."

"म्हणजे जन्मभर उगाच आठ्या घातल्या मी?" म्हणत जाऊबाई इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मला वाटतं, थोडं रडूही होतं त्यात.

नवा चष्मा लावून घरी येताना मात्र त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. "अगं, इथे चढ होता का? आणि ते दार वाकडं बसवलंय की काय?" सपाट रस्त्यावर त्या पाण्यात उतरल्यासारख्या पाय टाकत होत्या.

रविवारी त्या शेडमध्ये गेल्या. थेट उस्तादांसमोर उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले."

"पाठीमागे नाही बोललात, ते बरं," उस्ताद म्हणाले आणि रायफल आणायला वळले.

पण पालथं पडलं की नजर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून जायची, चष्मा घसरून तिरका व्हायचा आणि ठिपका पुन्हा ओघळायचा. चष्मेवाल्याने मग नाकावरचे टेकू बदलून काच वर घेतली. काड्या कानावरून घसरू नयेत म्हणून उस्तादांनी त्यांच्यावर रबराच्या नळीचे तुकडे चढवून दिले. त्या दिवशी जाऊबाई बराच वेळ नुसत्याच बघत राहिल्या.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"गोल आहे."

"मग वाट कसली बघता? मारा की!"

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. पहिली आलेली बाई वयाने निम्मी होती, हे भाऊजी भेटेल त्याला सांगत सुटले. कारखान्यात चष्म्याचं जाऊबाईंनी आपणहूनच सांगितलं. कुणी त्यांना टेबलावरून काढलं नाही, फक्त आठीबाई म्हणायला आता निमित्त उरलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं आमचे रविवार त्या शेडमध्ये गेले. मी एकही गोळी झाडली नाही, पण घरातल्या सगळ्यांचे स्वेटर तिथे विणले. मग उस्ताद गेले, कारखाना बंद पडला, शेडचे पत्रे उतरवले. जाऊबाई आता लेकीकडे असतात. परवा फोनवर म्हणाल्या, "मोतीबिंदू काढला गं. आत नवी काच बसवलीय, चष्मा सुटला."

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. पण नाक उघडं पडल्यासारखं वाटतं," म्हणाल्या, आणि मग कितीतरी वेळ आम्ही दोघी उस्तादांबद्दल बोलत राहिलो.